अंजनाआत्याची पाच मिनिटं

जिचं बोलणं मी कापलं, ती आज सकाळी गेली.

अंजनाआत्या. माझ्या बाबांची चुलत बहीण. राळेगावजवळच्या एका खेड्यात एकटी राहायची. हातपाय चालले तोवर लोकांच्या वावरात कापूस वेचायला जायची.

ती लहान असताना त्या गावात आमची वस्ती जाळली होती. धर्मांतरानंतर आमच्या माणसांनी मेलेली ढोरं ओढणं बंद केलं, एवढंच कारण.

भर दुपारी. मोठी माणसं वावरात होती. आत्याची आजी आणि सहा वर्षांची धाकटी बहीण कौसी, दोघी गेल्या.

"गेल्या" म्हटलेलं आत्याला चालायचं नाही.
"गेल्या नाही बाई. जाळल्या."

दरवर्षी त्या दिवशी गावच्या विहारात सभा व्हायची. आत्या उभी राहून पाऊण तास सगळं सांगायची.

कौसीला गोवर निघाला होता. तिला घरात निजवून आत्या विहिरीवर गेली. पोरगी उन्हात बाहेर येऊ नये म्हणून दाराला बाहेरून कडी लावली. मग धूर दिसला. आजी धावली, पण तिनं कडी काढेपर्यंत छप्पर पेटलं होतं. तरी ती आत शिरली.

मी दारव्ह्याला हायस्कूलमध्ये इतिहास शिकवते.

बोंडअळीच्या त्या वर्षी नववीच्या वर्गात हिटलरच्या छळछावण्यांबद्दल सांगत होते. मारलेल्या ज्यूंच्या बुटांचा ढीग प्रोजेक्टरवर दाखवला. मागून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हे पेपरले येते का? मागच्या वर्षी बी हेच दाखवलं होतं."

वर्गाला जाम झापलं मी. विसरभोळ्या समाजावर लेक्चरच दिलं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी गावची सभा. सूत्रसंचालन माझ्याकडे.

त्या वर्षी कापूस अळीनं खाल्ला होता. फवारणीचं विष अंगात गेलेली माणसं दवाखान्यात होती. पेपर उघडला की मयत. विहार समितीचे अध्यक्ष मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, लोक थकले. रोज नवं मरण पाहून राह्यले, जुनं किती ऐकतीन? आत्याले पाच मिनिटं द्या."

मला पटलं. खरं सांगते, मलाही कंटाळा आला होता. सगळं पाठ झालं होतं माझं.

आत्याला सांगितलं तर ती शांतपणे म्हणाली, "काय गाळू मंग?"

"मेन घटना सांग. ते कडीचं वगैरे बारीकसारीक राहू दे."

चार मिनिटांत संपलं. टाळ्या पडल्या. खाली येऊन तिनं विचारलं, "आटपलं नं लवकर?"

मी थम्स अप केलं.

हो. थम्स अप.

पुढच्या वर्षी ती आली नाही. गुडघे दुखतात म्हणाली. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.
कोणी विचारलंही नाही. कार्यक्रम वेळेत संपत होता.

मला मात्र सभेच्या फोटोत ती नसलेली दिसायची. शेवटी एका रविवारी एसटीनं गेले. आत्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. माफी मागायची होती, तोंडातून निघालं भलतंच.
"तू सभेत काहून येत नाही?"

"कायले येऊ? तुमाले वाटते मले सांगाची हौस हाये? त्या गोष्टीचा मले तुमच्याहून जास्त कंटाळा हाये."

शेंगा सोलणं चालूच.

"जाळणाऱ्यायचं पोलिसाच्या कागदात हाये. बुढीचं हाये, कौसीचं हाये. कडी कोणत्याच कागदात नाही. ते मी लावलती. वर्षातून एकडाव चार लोकायसमोर बोलून टाकलं का माह्यं वर्ष निंगून जाये. तू तेच गाळाले लावलं."

मीही शेंगा सोलायला घेतल्या.

ती म्हणाली, "आता माह्यानं होत नाही. तू सांग. मी ऐकतो."

"आत्ता?"

"मंग कधी? मी मेल्यावर?"

सांगायला लागले. पाठ आहे म्हणायचे ना मी? पहिल्याच वाक्याला अडवलं. "ताप नाही. गोवर." मग कडीवर आले. म्हटलं, "चुकून कडी लावली..."

"चुकून नाही!" शेंग तिच्या हातातच राहिली. "समजून-उमजून लावलती. पोरगी उन्हात निंगू नये म्हणून. चुकून म्हणू नोको."

पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. तीनदा.

यंदा सभेत मी सांगितलं. पूर्ण, कडीसकट. अकरा माणसं होती, त्यातली दोन मध्येच उठून गेली. आत्या पुढच्या खुर्चीवर. माझं सगळं लक्ष तिच्या तोंडाकडे, कुठं चुकतेय का म्हणून. अर्ध्यात पाहते तर तिचे डोळे मिटलेले, मान कललेली.

मी घाबरून थांबले.

"सांग नं," ती डोळे न उघडताच म्हणाली.

आज सकाळी शेजारच्या सुनेचा फोन आला. आत्या चहा ठेवायला उठली आणि चुलीपाशीच बसली ती उठलीच नाही, म्हणे.

बसमध्ये बसून लिहितेय. यवतमाळ गेलं. संध्याकाळी स्मशानात दोन शब्द मलाच बोलायला लावतील, म्हणून मनातल्या मनात पहिल्यापासून सांगून पाहतेय.

आणि आत्ता लक्षात आलं. आजीचं नावच मला माहीत नाही. आत्या नेहमी "बुढी" म्हणायची. इतक्या वर्षांत मी एकदाही विचारलं नाही.

गावाकडचं कोणी हे वाचत असेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचाराल का? कोणाला आठवत असेल तर सांगा. प्लीज, संध्याकाळच्या आत.

आत्या, येतेय मी. जय भीम.