हातातला राक्षस

शाळेबाहेरच्या दुकानात एका परदेशी खेळाचे पत्ते मिळायचे. त्यातला एक राक्षस पाच पत्त्यांत विभागलेला होता: दोन हात, दोन पाय आणि मुंडकं. पाचही ‘हँड’मध्ये आले की डाव तिथल्या तिथे जिंकला, असं मुंडक्याच्या पत्त्यावर इंग्रजीत छापलं होतं. आम्हाला पत्त्यांतला हात माहीत होता तो मेंढीकोटातला. सगळ्यांत मोठा पत्ता टाकला की हात आपला. म्हणून मी राक्षसाचे पाय इमानदारीत खाली टाकायचे आणि दादाचा ड्रॅगन ते गिळायचा. असला कसला मेला राक्षस, म्हणून मी चिडायचे.

बाबा अंबडच्या कंपनीतून रात्रपाळी करून यायचे आणि दुपारभर झोपायचे. त्यामुळे आमचं भांडणसुद्धा कुजबुजत चालायचं. पडद्यातून गाळून आलेल्या पिवळ्या उजेडात सगळं घर पाण्याखाली असल्यासारखं वाटायचं.

अशाच एका दुपारी मी हट्टाला पेटले. नाहीच टाकत पाय, जा! दादाचा ड्रॅगन मारत राहिला, मी नुसते गठ्ठ्यातले पत्ते ओढत राहिले. शेवटी मुंडकं आलं. पाचही पत्ते शेजारी शेजारी धरले आणि राक्षस अख्खा झाला. तेव्हा कळलं, ‘हँड’ म्हणजे हा, माझा घामेजलेला हात. राक्षसाला लढवायचं नव्हतंच. नुसतं सांभाळायचं होतं.

“टाक की गं,” दादा कुजबुजला.

झोपेतच बाबा कुशीवर वळले.

“थांब जरा,” मी म्हटलं. मी जिंकले होते, पण पत्ते दाखवले असते तर ते जिंकणं संपलं असतं.