अर्धाच गेलेला नंबर
नव्या प्लास्टिकचा वास आला की कात्रपच्या घरातली ती दुपार आठवते. कॉम्प्युटर बंद पडला म्हणून आमचा ऑनलाइन खेळ मी टीव्हीला जोडलेल्या नव्याकोऱ्या कन्सोलवर लावला होता. उल्हासनगरच्या दुकानदाराने बजावलं होतं, "ताई, ये गेम कंप्यूटर पे ही अच्छा, बिना कीबोर्ड लिखोगी कैसे?" खेळात रोज भेटणाऱ्या, पण कधीच न पाहिलेल्या मैत्रिणीने अचानक लिहिलं, "बाबांनी कॉम्प्युटर विकला, न्यायला माणूस दारात आलाय. पटकन तुझा नंबर दे ना!" कन्सोलच्या कंट्रोलरने पडद्यावरचा एकेक आकडा शोधताना माझी बोटं घामाने घसरत होती. घाईत अर्धाच नंबर गेला, आणि उरलेले आकडे जुळवेपर्यंत तिचं नाव विझलं. अजूनही अनोळखी नंबर दिसला की मी पहिल्याच रिंगला फोन उचलते.