त्या काळी मी ड्रम वाजवायचो

मला ड्रम वाजवता येत नाहीत. ही गोष्ट मी एकतीस वर्षं बायकोपासून लपवून ठेवली होती.

आता कोणी म्हणेल, यात लपवण्यासारखं काय? असंख्य नवऱ्यांना ड्रम वाजवता येत नाहीत आणि त्यांचे संसार छान चालले आहेत. मान्य. पण ते नवरे मुलगी पाहायला जाताना खिशात ड्रमवर बसलेला स्वतःचा फोटो घेऊन गेले नव्हते. मी गेलो होतो!

त्याचं असं झालं. कॉलेजात असताना मी एका ऑर्केस्ट्रात होतो. (नाव सांगत नाही. त्यातले दोन गायक आता आजोबा झालेत आणि नातवंडांत त्यांना मान आहे.) गणपती, देवी, कॉलेजांची गॅदरिंग, असे आमचे कार्यक्रम नागपुरात आणि आसपासच्या गावांत व्हायचे. ड्रमवर असायचे बबनभाऊ. सहा फूट उंची, मानेवर रुळणारे केस, अंगात चकाकता शर्ट. त्यांचा ड्रमसेटही तसाच, लाल चमकीचा. विलायती बनावटीचा, कुठल्याशा क्लबातून कलकत्त्यामार्गे नागपुरात आलेला. तेव्हाच तो जुना होता! कोणी नुसतं बोट लावलं तरी बबनभाऊंची काठी त्या बोटावर बसायची.

आणि मी? मी त्यांच्या डाव्या हाताला उभा राहून खुळखुळा वाजवायचो. दोन हातांत दोन.

एकदा कार्यक्रमाआधी बबनभाऊ पान खायला गेले. मी टुणकन त्यांच्या स्टुलावर बसलो, काठ्या उचलल्या आणि फोटोवाल्याला म्हटलं, "मार लवकर!" तोच तो फोटो. सुनंदाने तो पाहिला, मला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला आणि चार दिवसांत तिच्या घरून होकार आला. अशा वेळी कोणता शहाणा माणूस म्हणेल, "थांबा, एक खुलासा करायचा आहे"?

पुढे ऑर्केस्ट्रा मोडला. बबनभाऊंचे वडील गेले, रामटेकजवळची शेती त्यांच्या अंगावर पडली. त्यांनी ड्रमसेट विकला, बैलजोडी घेतली आणि धान रोवायला लागले. साक्षीदारच गावाला गेल्यावर माझी हिंमत वाढत गेली. आमची मयूरी लहान असताना तिला झोपवायला मी गोष्टी सांगायचो. "एकदा काय झालं मयू, वाजवता वाजवता तुझ्या बाबाची काठी तुटली. मग बाबाने अर्ध्या काठीने अख्खं गाणं वाजवलं!" (काठी तुटली होती, ती बबनभाऊंची. वाजवलंही त्यांनीच. मी खाली वाकून तुकडा शोधत होतो.)

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मागच्या वर्षी मी रिटायर झालो आणि मयूरीचं लग्न जमलं. मुलगा तुषार, रामटेकचा. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, धरमपेठेतल्या एका हॉलमध्ये ठरलं. घरी उतरणाऱ्या पाहुण्यांसाठी गाद्या सांगायला मी सक्करदऱ्याला कवडूभाऊंच्या बिछायतीच्या गोदामात गेलो. तिथे कनातींच्या ढिगाऱ्याखाली काहीतरी लाल चमकलं.

"कवडूभाऊ, हे काय आहे?"

"ते ढोल हायेत जी. कोण्या बँडवाल्याचे. लय वर्षं झाले पडून. मोठ्यात आम्ही बुंदीचे झारे ठेवून राहिलो."

मी कनाती बाजूला केल्या. मोठ्या ढोलातून सहा झारे, पातेल्याचं एक झाकण आणि एक मांजर निघालं. ढोल फिरवून पाहिला, तर बाजूला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ! उमरेडच्या कार्यक्रमात स्टेजवरून पडून ढोल फुटला होता, तेव्हा बबनभाऊंनी स्वतः लावलेलं. मला एकदम ते स्टेज दिसलं, पेट्रोमॅक्सचा वास आला, आणि डोळ्यांत पाणी आलं. "धूळ लय आहे गा इथं," मी कवडूभाऊंना म्हटलं.

ज्याने गुन्हा केलाय त्याने पुराव्यापासून दूर राहावं. मी पुरावा विकत घेतला, ई-रिक्षात चढवला आणि मांडीवर घेऊन घरी निघालो.

फाटकाशीच शेजारच्या भोयर काकू उभ्या. "काय वं सुनंदा, यंदा गोल कूलर घेतला का?"

सुनंदा दारात आली. "अहो, गाद्या आणायले गेले होते नं तुम्ही?"

"गाद्या सोड! हा बघ. तोच ड्रमसेट!"

तिने एकदा ढोलाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. पण मयूरी ऑफिसातून आली आणि तिने चप्पल काढायच्या आधीच किंकाळी मारली.

"बाबा! साक्षगंधात तुम्ही वाजवून राहिले. फायनल!"

"अगं, हात नाही राहिला आता. किती वर्षं झाली."

"तुषारच्या घरच्या ग्रुपवर टाकलं पण मी. 'माझे बाबा, त्या काळचे फेमस ड्रमर.' त्याच्या आईनं सात टाळ्या पाठवल्या!"

सात! एकही टाळी परत करण्यासारखी नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून माझा रियाज सुरू झाला. मोबाइलवर एक पोरगेला शिक्षक लावला. तो म्हणे, उजवा हात आठ वेळा, डावा दोनदा, उजवा पाय मधेमधे आणि डावा पाय वेगळाच. माझा एक अवयव बरोबर चालू लागला की बाकीचे तीन त्याच्याकडे बघत बसायचे! मोठा ढोल वाजवायची पायाची पट्टी दाबली की गोदामातल्या त्या मांजरासारखी ओरडायची. आठवड्याभरात मला एकच ठेका जमला. धाड, धाड, ठिश. तोही ठिशपाशी घसरणारा.

भोयर काकू भिंतीवरून डोकावल्या. "भाऊजी, बोअर मारून राहिले का? पाणी लागलं की सांगा बरं."

सुनंदा मात्र दाराशी उभी राहून ऐकायची आणि शांतपणे विचारायची, "हे सुरुवातीचं आहे की गाणं सुरू झालं?"

शेवटी मी डीजेवाल्याला गाठलं. "हे बघ भाऊ, तू गाणं लावायचं. ड्रमसकट. मोठ्यानं! मी फक्त हात हलवीन."

"टेन्शनच नका घेऊ काका," तो म्हणाला. "तुमचा आवाज कोणाच्या बापाले ऐकू येणार नाही."

इतका दिलासा मला डॉक्टरनेही कधी दिला नव्हता.

साक्षगंधाचा दिवस उजाडला. एप्रिलचं ऊन, भरदुपार, हॉल गच्च. अंगठ्या झाल्या, पेढे झाले. मयूरीने माइक घेतला आणि "माझे बाबा!" म्हणाली. मी नवा कुर्ता घालून स्टुलावर बसलो. गाणं सुरू झालं. स्पीकर असा दणाणत होता की मी खरंच मारतोय की हवेत, हे मलाही कळेना. मी मान उडवली, डोळे मिटले, काठी गरकन फिरवली. लोक टाळ्या वाजवू लागले. माझ्या विहीणबाई पहिल्या रांगेत बसून व्हिडिओ काढत होत्या. मला वाटलं, अरे, आपण खरंच वाजवायचो की काय त्या काळी!

आणि लाइट गेली.

पंखे थांबले, स्पीकर थांबला. मी थांबलो नाही, कारण माझे डोळे मिटलेले होते! हॉलमध्ये आता फक्त माझा ड्रम. कोणीतरी जर्मनची भांडी जिन्यावरून सोडून द्यावीत तसा. डोळे उघडले तर तीनशे माणसं माझ्याकडे पाहत होती. आता थांबलो तर मेलो, असं वाटून मी आणखी जोरात वाजवू लागलो. पायाची पट्टी अशी काही हाणली, की स्टेजच्या गुळगुळीत फरशीवर मोठा ढोल पुढे सरकला. मी स्टूल पुढे ओढलं. तो आणखी सरकला. मी त्याच्या मागे, तो माझ्या पुढे. असे आम्ही दोघं स्टेजच्या कडेपर्यंत आलो. तिथे तो कलंडला, पायरीवरून उतरला आणि पाहुण्यांच्या मधून गडगडत निघाला. थेट कढीच्या काउंटरकडे!

"धरा, धरा!" मी ओरडलो.

एक उंच म्हातारा नुकताच दारातून आत आला होता. डोक्यावर टोपी, खांद्यावर दुपट्टा, हातात रामटेकहून आणलेली पिशवी. त्याने पाय पुढे केला आणि ढोल थांबवला. मग खाली वाकला. ढोल हळूच फिरवला आणि त्या ठिगळावरून अंगठा फिरवला.

"हा तर माया हाय," तो म्हणाला.

"दादा, तुम्ही आत्ता आले का?" विहीणबाई उठल्या. "हे माझे मोठे भाऊ. बस लेट झाली यांची."

म्हाताऱ्याने स्टेजकडे पाहिलं. डोळे बारीक केले. माझ्या हातातल्या काठ्या आपोआप खाली गेल्या.

"विल्या? अबे, तू ड्रमवर काय करून राहिला? खुळखुळा कुठी हाय तुया?"

पंखे बंद होते. त्यामुळे हे वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू गेलं.

मी मयूरीकडे पाहिलं. तिने तोंडावर हात ठेवला होता. ती हसते आहे की रडते आहे, मला कळेना. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की जमीन खरंच दुभंगली तर बरं होईल. मी स्टेजवरूनच म्हटलं, "मयू, मी ड्रमर नव्हतो बेटा. ड्रमर हे. मी यांच्या बाजूला उभा राहायचो."

 मयूरी खाली उतरली. पाण्याच्या दोन छोट्या बाटल्या उचलल्या, रिकाम्या केल्या, औक्षणाच्या ताटातले तांदूळ त्यांत भरले आणि माझ्या हातात दिल्या.

"घ्या बाबा. मामाजी, तुम्ही बसा नं ड्रमवर."

"नाही वं पोरी," बबनभाऊ म्हणाले. "हात कुठी राहिला आता? धानच रोवला इतके वर्षं."

पण बोलता बोलता त्यांनी पिशवी बहिणीकडे दिली होती, टोपीही काढली होती. तुषारने ढोल वर आणला आणि तो पुन्हा पळू नये म्हणून स्वतः त्याला पाय लावून जमिनीवर बसला. बबनभाऊ स्टुलावर बसले. पहिल्या फेरीत चुकले. दुसरीतही चुकले. तिसऱ्या फेरीला त्यांच्या खांद्यांना काहीतरी आठवलं, आणि मग तो सत्तरीला टेकलेला माणूस असा वाजवू लागला, की मला डाव्या हाताला जाऊन उभं राहावंच लागलं. बाटल्या आपोआप हलू लागल्या. आणि सांगतो, गर्व नाही, पण माझा एकही ठोका चुकला नाही! बबनभाऊंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि पूर्वीसारखी एक भुवई उडवली. त्या घामाने चिंब दुपारी आम्ही दोघं पुन्हा पोरं झालो होतो.

लोक उठून नाचू लागले. भोयर काकू तर सगळ्यांत पुढे. मध्येच लाइट आली, डीजेचं गाणं दणकन सुरू झालं, तेव्हा अख्खा हॉल त्याच्यावर ओरडला, "बंद कर बे!"

जेवणं झाल्यावर मी बबनभाऊंना म्हटलं, "भाऊ, सेट तुमचा आहे. घेऊन जा."

त्यांनी लाल चमकीवर एक हात ठेवला. बराच वेळ. "घरी धानाचे पोते ठेवाले जागा पुरत नाही गा. राहू दे तुयाच घरी. मी येत जाईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुनंदासमोर जाऊन बसलो. माफीचं भाषण पाठ केलं होतं. "सुनंदा, मी तुला एकतीस वर्षं फसवलं."

"नाही हो," ती चहा गाळत म्हणाली. "आमच्या मोहल्ल्यात तुमचा ऑर्केस्ट्रा आला होता, तेव्हा मी पहिल्या रांगेत होती. ड्रमवर ते उंच होते. तुम्ही बाजूले उभं राहून खुळखुळा वाजवून राहिले होते. फोटो पाहिला तेव्हाच ओळखलं मी."

मी गार पडलो. "मग तरी मला हो काहून म्हटलं?"

सुनंदाने कप माझ्यापुढे सरकवला.

"ड्रमवाल्याची चौकशी केली होती मी. त्यांचं लग्न झालेलं होतं."

हल्ली दर रविवारी बबनभाऊ रामटेकहून वाजवायला येतात. त्यांचा चहा मी स्वतः करतो आणि स्वतःच नेऊन देतो. सुनंदाला त्या खोलीत जायची गरजच पडू देत नाही!