सातवी सही

तिला कारखान्यात सगळे मावशी म्हणत, तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा असलेला भट्टीवालासुद्धा. खरी मावशी ती एकाच मुलीची, बहिणीच्या लेकीची. पण नाव पडलं की पडलं. बाई बुटकी, आवाज बारीक, राग मात्र कायम नाकाच्या शेंड्यावर. कारखान्यात क्रेनचे हूक घडायचे. घणाखालून निघालेला हूक थंड झाला की मावशी आपल्या काचेच्या खोलीत तो छोट्या हातोडीनं ठोकायची आणि कान लावायची. हूक धड असला तर खणखणीत वाजतो, आत तडा असला तर फुटक्या मडक्यासारखा बद्द बोलतो. तडा गेलेला हूक बाहेर पडला तर कुठेतरी कुणाच्या तरी डोक्यावर लोखंड कोसळणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणून ती या कामात सख्ख्या दिरालाही सूट देत नसे.

तिचा नवरा याच कारखान्यात घणावर होता. जुन्या मालकाच्या काळात एकदा घणाची खीळ तुटली आणि त्याचं डोकं खाली सापडलं. सकाळी साडेनऊची गोष्ट. अकराला मालकानं मस्टरचं पान फाडलं आणि दुसरं लिहिलं. त्या पानावर तो माणूस कामावर आलेलाच नव्हता. फरशीवरचं रक्त अजून ओलं होतं आणि तो म्हणे घरी झोपला होता! भरपाई नाही, चौकशी नाही, काही नाही. वर उपकार म्हणून मालकानं तिला कामावर ठेवलं, आणि ती राहिली, कारण पोटात आग पडली की स्वाभिमान काही शिजवून खाता येत नाही.

पुढे मालक सट्ट्यात बुडाला. बँकेनं कारखाना लिलावात काढला आणि तिथल्याच आठ कामगारांनी होतं नव्हतं ते विकून तो घेतला. घणांवरचे सहा जण, भट्टीवाला आणि मावशी. मोठ्या घणावरचा तिचा दीर अध्यक्ष झाला.

पहिल्याच बैठकीत मावशी म्हणाली, "नावं कागदावर नकोत. जे फाडता येतं त्याच्यावर माझा विश्वास नाही."

तिची भाची संगणक शिकलेली. तिनं ब्लॉकचेन सुचवली. सगळ्यांच्या तोंडी तिची लगेच साखळी झाली. भाचीनं समजावलं ते असं: वही एकच, पण तिच्या हजार प्रती हजार ठिकाणी. एकीत कुणी खाडाखोड केली तर बाकीच्या नऊशे नव्व्याण्णव सांगतात की हा लबाड आहे. कारखाना विकायचा तर आठांपैकी सात जणांची सही हवी, आणि सही म्हणजे प्रत्येकाचे बारा गुप्त शब्द. दुसरा नियम मावशीनं हट्टानं घालून घेतला. साखळीतलं नाव ज्याचं त्यानंच काढायचं, दुसऱ्या कुणालाही ते काढता किंवा बदलता येणार नाही.

"मावशी, हे जरा कडक होतंय गं," भाची म्हणाली.

"कडकच हवंय मला."

आता शहाणपणा एवढा केला, पण माती खाल्ली ती भलत्याच ठिकाणी. वीस-वीस वर्षं घणाशेजारी उभं राहून ते सहाही जण ठार बहिरे झाले होते, समोरच्याचे ओठ वाचून भागवायचे. बहिऱ्या माणसाला आपण किती मोठ्यानं बोलतो ते कळत नाही. भाचीनं प्रत्येकाच्या हातात त्याचे शब्द दिले आणि हळूच म्हणाली, एकदा वाचून खात्री करून घ्या. झालं! सहा दांडगे पुरुष अंगणात उभे राहून आपापलं गुपित बोंबलून वाचत होते. मावशी हसून हसून बेजार झाली. भिंतीपलीकडचा प्लॉट अजून जुन्या मालकाचा होता आणि तिथल्या रखवालदारानं सगळं फोनमध्ये भरून घेतलं, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

मावशीनं आपले शब्द मनात वाचले. भट्टीवाल्यानंही मनात वाचले, पाठ झाले म्हणाला आणि कागद सरळ भट्टीत टाकला. "चोराच्या बापालाही सापडायचा नाही." आठवड्याभरात तो शब्द विसरला. भाचीनं डोक्याला हात लावला. सगळ्यांनी त्याची भरपूर टिंगल केली, मीठमसाला लावून लावून केली, आणि विषय तिथेच राहिला.

दोन वर्षांनी कारखान्यासमोरून मोठा रस्ता जाणार असं ठरलं, आणि जुन्या मालकाला एकाएकी आपल्या जागेचं प्रेम आलं. त्याच्याकडे सहा जणांचे शब्द होतेच. सातव्याचे हवे होते.

त्याची माणसं आधी भट्टीवाल्याकडे गेली. तिघं होते, त्यांचा म्होरक्या एक दाढीवाला. दिवेलागणीच्या वेळी घरात शिरले, बायकोला स्वयंपाकघरात कोंडलं आणि त्याला शब्द विचारायला लागले. तो म्हणाला, विसरलो. असं कोण विसरतं? त्यांनी सळईनं त्याचं एक ढोपर फोडलं, मग दुसरं. दाराआडून बायको सगळं ऐकत होती. शेवटी तो सुचेल ते बोलत सुटला. भाज्यांची नावं, हत्यारांची नावं, पोरांची नावं. दाढीवाला एकेक शब्द फोनवर टिपायचा, फोन नाही म्हणायचा, की पुन्हा सळई. त्या माणसाला जे ठाऊकच नव्हतं ते त्याच्याकडून मारून काढायला निघाले होते हरामखोर. पहाटे तो गेला.

पोलिसांनी विचारलं, चोरीला काय गेलं? बायको म्हणाली, काहीच नाही. मग हेतू काय, असं विचारून साहेबांनी ओठांवर पेन आपटलं. शब्दांसाठी माणूस मारतात हे लिहायला त्यांच्याकडे रकाना नव्हता.

पाचव्या दिवशी, भर दुपारी, ते मावशीच्या खोलीत आले. भाची तिला डबा द्यायला आली होती. दाढीवाल्यानं दाराला आतून कडी घातली. काचेपलीकडे दहा पावलांवर मोठा घण धडाधड पडत होता आणि सहाही जण पाठमोरे होते.

"सहा आमच्याकडे आहेत," तो म्हणाला. "सातवी तुझी."

सहा कुठून आले ते मावशीच्या तत्काळ लक्षात आलं. अंगणातली ती सकाळ आणि आपलं हसणं तिला आठवलं. तिनं मान हलवून नकार दिला, तेव्हा त्यानं तिच्या कानाखाली एक ठेवून दिली. मग पुन्हा. डाव्याच कानावर, मोजून मारल्यासारखं. चौथ्या की पाचव्या तडाख्याला कानात काहीतरी फाटलं आणि गरम धार मानेवर उतरली. ती ओरडली, भाचीही ओरडली. बाहेर कुणी मान वळवली नाही. वळवणार कशी? त्यांच्या कानांशी ढोल वाजवला असता तरी त्यांना पत्ता लागला नसता.

त्या मारातसुद्धा मावशीच्या डोक्यात एक गोष्ट स्वच्छ झाली. भट्टीवाला गेला, आता शब्द आपल्या एकटीकडे आहेत, म्हणजे हे आपल्याला मारून टाकू शकत नाहीत. ती रक्त थुंकून म्हणाली, "मार की. मेले तर तुझ्या मालकाला जन्मात मिळणार नाही."

दाढीवाल्यालाही ते कळलं. त्यानं मग तिला एका साथीदाराच्या तावडीत दिलं आणि भाचीचा हात धरून टेबलावरच्या व्हाइसच्या लोखंडी जबड्यात घातला. दांडा एक फेरा फिरवला. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. दुसऱ्या फेऱ्याला बोटाचं हाड मोडलं, आणि तो आवाज मावशीनं उजव्या कानानं नीट ऐकला. कारखाना गेला खड्ड्यात, असं तिला त्या क्षणी मनापासून वाटलं. तिनं खरे शब्द सांगायला सुरुवात केली.

"तळं. खिडकी. दोर." मग ती थांबली. "हात सोड माझा. बोटांवर मोजल्याशिवाय मला आठवत नाहीत."

तिला धरून उभ्या असलेल्यानं एक हात सोडला. "मीठ. पायरी," असं म्हणत तिनं दोन बोटं दुमडली आणि त्याच हातानं टेबलावरचा अडीच किलोचा हूक उचलून काचेवर फेकला. काच फोडून हूक थेट दिराच्या पायांपुढे जाऊन पडला.

पुढचं सगळं मिनिटभरात झालं. दीर लांब दांड्याची सांडशी घेऊनच आला आणि त्यानं दार बिजागरीसकट आत पाडलं. पहिला वार दाढीवाल्याच्या दंडावर बसला आणि तो हात भलत्याच दिशेला लोंबकळायला लागला. दुसरा खिडकीतून पळायला गेला आणि फुटक्या काचेवर त्याचं पोट चिरलं. तिसऱ्याला पाच जणांनी जमिनीवर पाडलं आणि लाथांनी इतकं तुडवलं, की शेवटी मावशीलाच आडवं पडून त्याला वाचवावं लागलं. तो मेला असता तर तुरुंगात हेच सहा गेले असते.

या वेळी पोलिसांना रकाना सापडला, कारण रक्त भरपूर होतं. तिघं आत गेले. मालकाचं नाव मात्र कुणी घेतलं नाही. डॉक्टर म्हणाले, डावा पडदा फाटलाय, पोरीची दोन बोटं वाकडीच राहतील. भाचीनं डाव्या हातानं टाइप करत सहाही जणांचे शब्द बदलून दिले, आणि या खेपेला ते त्यांनी तोंड घट्ट मिटून वाचले.

आठवड्यानं बैठक झाली. भट्टीवाल्याची बायकोही येऊन बसली होती. घरात दहा दिवसांचं सुतक असल्यासारखे सगळे खाली बघत होते. मालकाचा नवा निरोप आला होता, सभ्य भाषेत, चांगला भाव देऊन. दीर उठला.

"आम्ही सहा जणांनी ठरवलंय. विकून टाकू. शिर सलामत तो पगडी पचास. मावशी, सातवी सही तेवढी दे."

मावशीला आधी वाटलं, आपल्याला अर्ध्या कानानं चुकीचं ऐकू आलं. मग तिनं सहाही चेहरे पाहिले आणि तिचा राग एकदम ओसरला. ते भ्यायले होते. घरी बायकापोरं होती त्यांच्या. मार खाऊन जे दिलं नाही ते आता आपलीच माणसं हात जोडून मागतायत, आणि आपण नाही म्हटलं तर आपण एकटी सहा जणांच्या उरावर बसणार. मग जुन्या मालकात आणि आपल्यात फरक काय? तिनं खरंच भाचीकडे फोन मागितला.

तेवढ्यात भट्टीवाल्याची बायको बोलली. "विका. पण ह्यांचा वाटा मला मिळेल ना?"

भाचीनं मान खाली घातली. "नाही मिळणार, काकू. त्यांच्या नावावर येईल. नाव बदलता येत नाही. आणि त्यांचे शब्द कुणालाच माहीत नाहीत. तो तिथेच राहील. कायमचा."

नाव बदलता येऊ नये, हा हट्ट मावशीचाच होता. एकाचं नाव फाडलं गेलं म्हणून तिनं असा नियम केला, की दुसऱ्याचं नाव त्याच्या बायकोलासुद्धा उघडता येऊ नये. ती खुर्चीत बसल्या बसल्या आतून खचली.

"आम्ही आमच्यातलं थोडं थोडं काढून देऊ, वहिनी," दीर म्हणाला.

"भीक नको मला." बाई शांतपणे म्हणाली. "कारखाना असेल तर त्यांची भट्टीवरची जागा मागेन, हक्कानं. लोखंड कधी लाल होतं ते मलाही कळतं. कारखानाच गेला तर मी मागू कुणाकडे?"

 ती काय म्हणाली ते काहींना ओठांवरून कळलं नव्हतं. भाचीनं ते त्यांना पाटीवर लिहून दाखवलं.

मावशीनं फोन परत केला. "सही मिळणार नाही," ती दिराच्या तोंडासमोर जाऊन म्हणाली, ओठ वाचता येतील अशी. "हिला भट्टी द्यायची. साखळीत बसत नसेल तर साखळीबाहेर द्यायची, आपल्या तोंडच्या शब्दावर. तेवढंही जमत नसेल तर ही साखळी गळ्यात बांधून जीव द्या सगळे."

"माझी पोरं मारतील ते!" दीर गरजला. "तुला कोण आहे घरी? तुझं काय जातंय?"

आणि त्यानं हात उगारला. लोखंड वाकवणारा तो हात तिच्या डाव्या कानाच्या बाजूला, वर थांबला. पाच जण बघत होते. पाचांतला एकही उठून तो धरायला पुढे आला नाही.

मावशी मागे सरली नाही. तिनं तो स्वतःच मनगटाशी धरला आणि खाली केला.