माझ्याविना भाजलेले रोडगे

मी मुळात बडबड्या माणूस. वाडीला आमच्या ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये मी बिल्ट्या करतो. म्हणजे कोणता माल, कुठून कुठं, कोणाच्या नावावर, हे कागदावर उतरवायचं आणि ट्रक मार्गी लावायचा. त्यात डोकं फार लागत नाही, म्हणून तोंड मोकळं राहतं. ड्रायव्हर आला की त्याची खेचायची, हमाल आला की त्याची, आणि कोणीच आलं नाही तर समोरच्या टेबलावर आमचा कॅशियर बसलेलाच. त्याची माझी वीसेक वर्षांची जोडी. तो माझ्याहून मोठा, तरी मला रोज सकाळी "काय बे म्हाताऱ्या, जिता आहेस काय?" असं विचारायचा. मीही त्याला काहीतरी सणसणीत ऐकवायचो. मग आमचा दिवस सुरू व्हायचा.

मागच्या श्रावणात बायको गेली. साधा ताप म्हणता म्हणता गेली. मुलगा पुण्याहून आला, तेरवीपर्यंत राहिला, "बाबा, माझ्यासोबत चला" म्हणून मागं लागला. मी म्हटलं, नाही बाप्पा, तिकडं दिवसभर फ्लॅटमध्ये बसून मी करू काय? इथं निदान ऑफिस तरी आहे.

ऑफिसातली माणसं वाईट नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मी त्यांच्यावर पुष्कळ चिडणार आहे. घाटावर सगळेच्या सगळे आले होते. घरात चूल पेटत नव्हती तेव्हा कॅशियरच्या घरून रोज वरणभात यायचा. मी कामावर परतलो त्या दिवशी तो खुर्चीवरून उठून उभा राहिला आणि म्हणाला, "या दादा, बसा."

मी मागं वळून पाहिलं. म्हटलं, कोण दादा आला? मागं कोणी नव्हतं.

तिथून ते सुरू झालं. जेवणाच्या खोलीत हसण्याचा आवाज यायचा आणि मी डबा घेऊन दारात दिसलो की गपकन बंद. सगळे आपापल्या पोळीकडं पाहत जेवायचे. एकदा मी स्वतः वांग्याची भाजी करून नेली. तेल वर, वांगं कच्चं, आणि मीठ बहुतेक दोनदा पडलं होतं. पूर्वीचे दिवस असते तर लोडिंगच्या सुपरवायझरनं डबा खिडकीतून बाहेर धरून कुत्र्याला बोलावलं असतं. आता तो घास गिळून म्हणाला, "छान झाली दादा." अरे, छान कुठली झाली? माझ्याच घशाखाली उतरत नव्हती! पण सगळ्यांनी मुकाट्यानं खाल्ली आणि माना हलवल्या. मला भाजीहून ते खोटं जास्त लागलं.

दसऱ्यानंतर ऑफिसात एकमेकांना सोनं वाटतात. बिलिंगला बसणारी पोरगी आपट्याची पानं घेऊन टेबलाटेबलावरून फिरत होती. माझ्याजवळ आली, थबकली, पानांची मूठ झाकली आणि विचारलं, "दादा, चहा सांगू काय तुमच्यासाठी?" नाही म्हटलं. ती पुढच्या टेबलाकडं गेली. दिवाळीत मिठाईचा डबाही माझ्या टेबलाला असाच वळसा घालून गेला.

मोबाइलवर आमचा ऑफिसचा ग्रुप होता. त्यावर दिवसभर टिणटिण चालायची. कोणाच्या टकलाचा फोटो, कोणाच्या बुलेटची बदनामी, अन् काहीच्या काही विनोद. आता सकाळी एक फुलाचं चित्र यायचं, त्याखाली सुविचार, आणि मग चोवीस तास शुकशुकाट. मला वाटलं, सगळे एकदम सुधारले. असं कधी होते काय? पण माणूस दुःखात असला की मूर्खही होतो.

घरी तर बोलायला कोणीच नाही. संध्याकाळी मुलाचा फोन, "बाबा, जेवला का?" मी म्हणायचो, "जेवलो." झालं. त्यानंतर सकाळी ऑफिस गाठेपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही. आणि ऑफिसातही आता "हो दादा, नाही दादा, राहू द्या दादा." माझा आवाज मला परका वाटायला लागला होता. राग नाही, खरंच सांगतो, मला आतून भीती वाटायची. हळूहळू मनात बसलं की यांना मी नकोसा झालो. अभागी माणसाजवळ कोण बसेल? त्याच दिवसांत मौद्याच्या आमच्या गोडाऊनमध्ये एक जागा रिकामी झाली. मॅनेजर म्हणाला, तुम्हाला जायचं असेल तर पुढच्या सोमवारी सांगा. तिथं निदान मला कोणी ओळखत नव्हतं.

त्यात हेड ऑफिसहून एक मॅडम आल्या. 'कामाच्या जागी आपलेपणा' असा विषय. गोडाऊनमधल्या खुर्च्या गोल मांडल्या, भिंतीवर पडदा लावला, पडद्यावर हसणारी गोरीगोमटी माणसं. मग त्यांनी लाल लोकरीचा गुंडा काढला. ज्याच्याकडं गुंडा येईल त्याच्याबद्दल बाकीच्यांनी चांगलं काहीतरी सांगायचं. गुंडा फिरत फिरत माझ्याकडं आला. सगळे एकमेकांकडं पाहायला लागले. मग सुपरवायझर म्हणाला, "दादा फार शांत आहेत." बिलिंगची पोरगी म्हणाली, "हो, फार शांत." कॅशियरनंही मान खाली घालून तेच म्हटलं.

मी! आणि शांत! ज्याला वीस वर्षं सगळे "आता गप बस बे" म्हणत आले, तो शांत! मॅडमनी टाळ्या वाजवल्या. मी लोकर मांडीवर घेऊन बसलो आणि ठरवून टाकलं, मौद्याला जायचं.

आता रोडग्यांचं सांगतो. दरवर्षी थंडीत एका रविवारी आमच्या ऑफिसची रोडग्यांची पार्टी असते, कॅशियरच्या शेतात. जाडसर कणकेचे थर देऊन गोळे करायचे आणि गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, सोबत वांग्याची भाजी, वरण आणि तूप. विस्तव माझ्याकडं. हा मान दुसऱ्या कोणाला मी कधी दिला नाही, कारण बाकीच्यांना धीर नाही. गोवऱ्या पेटून, जाळ बसून, नुसता लाल निखाऱ्यांचा आर राहिला पाहिजे, मग रोडगे टाकायचे आणि वरून राख लोटायची. जाळ असतानाच टाकले तर वरून कोळसा आणि आत कच्ची कणीक.

त्या वर्षी मी वाट पाहत होतो. विचारायची लाज वाटली. मनात म्हटलं, जायच्या आधी एकदा विस्तवाशी बसायला मिळालं तर बरं. पौष अर्धा सरला, कोणी बोललं नाही. सोमवारी मला मॅनेजरला सांगायचं होतं, त्याच्या आदल्या दुपारी मी घरी गहू निवडत बसलो होतो आणि मोबाइल वाजला. सकाळचं फूल येऊन गेलं होतं, मग आता काय? पाहतो तर फोटो. शेत, धूर, सगळे हजर, कॅशियर डोक्याला रुमाल बांधून, आणि समोर टोपल्यात काळेकुट्ट गोळे. खाली सुपरवायझरनं लिहिलेलं, "पाहा बे याचे प्रताप, याले विस्तवाजवळ बसवू नका!"

पाहता पाहता तो फोटो गायब झाला. काढून टाकला त्यांनी.

खोटं कशाला सांगू, पहिला राग आला तो रोडग्यांचा. जाळ असतानाच टाकले गाढवांनी! मग हळूहळू बाकीचं डोक्यात शिरलं. हे सगळे तिथं होते. मी इथं होतो. आणि फोटो दुसरीकडं टाकायचा होता, चुकून इकडं आला. म्हणजे यांचा कुठंतरी दुसरा ग्रुप होता. तिथं टिणटिण चालू होती, नुसती माझ्यापुरती बंद होती. गहू तसाच सोडून मी अंगणात जाऊन उभा राहिलो. इतकं एकटं मला बायकोच्या तेरवीनंतर घर रिकामं झालं तेव्हाही वाटलं नव्हतं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी डबा न घेताच खोलीत गेलो. नेहमीसारखं हसणं बंद झालं. मी दारातच उभा राहून विचारलं, "काहून बे, जाळ असतानाच टाकले न रोडगे?"

कोणाचा हात तोंडाकडं, कोणाचा डब्यात, सगळे तसेच थांबले. कॅशियर उठला. "दादा, ते असं झालं..."

"दादा गेला खड्ड्यात! मले काहून नाही नेलं, ते सांग."

"तुमच्या घरी वरीस व्हायचं हाय न," तो चाचरत म्हणाला. "वर्षसराध होईपर्यंत सण नाही, गोड नाही. तिथं आमचे गाणेबिणे, हसणं-खिदळणं. तुमाले कोणत्या तोंडानं म्हणावं, चला म्हणून? अन् तुमचा मोबाइल चोवीस तास वाजत राहिला तर तुमाले वाईट वाटन, म्हणून मुद्दाम दुसरा ग्रुप काढला."

बिलिंगची पोरगी खाली मान घालून बोलली. "मीच म्हटलं होतं सगळ्यांना. माझे बाबा गेले तेव्हा कॉलेजात सगळे हसायचे, नाचायचे, अन् मला लई राग यायचा. वाटायचं, यांना काहीच कसं नाही? तुम्हाला तसं वाटू नये म्हणून..." 

मी भांडायची पूर्ण तयारी करून गेलो होतो. आता भांडू कोणाशी? एवढे महिने ही माणसं माझ्यासाठी जीभ चावून बसली होती. ती खारट भाजीही त्यांनी त्याचसाठी गिळली असणार. आणि मी त्यांना मनातल्या मनात रोज शिव्या देत होतो.

"अरे बावांनो," मी म्हटलं. "घरी तर मले कोणी बोलत नाही. कुकरच बोलते एकटा. इथंबी तुमी तोंड शिवून बसले, तर मी जाऊ कुठं? तुमी हसता म्हणून मी येतो न इथं!"

कॅशियरनं डोळे पुसले, बाहीनंच पुसले. मग म्हणाला, "बस बे म्हाताऱ्या, जेव आधी. मी मारे गोवऱ्या दोन टोपले घातल्या, अन् सारे जळाले साले." खोलीत कोणीतरी हसलं. सुपरवायझरनं आपल्या डब्याचं झाकण माझ्यापुढं सरकवलं. तिथून मी मॅनेजरकडं गेलो आणि मौद्याला नाही जात म्हणून सांगितलं. तो म्हणाला, बरं झालं.

दुपारीच त्यांनी मला त्या दुसऱ्या ग्रुपात घेतलं. संध्याकाळी मी घरी आलो, हातपाय धुतले, कुकर लावला आणि टिणटिण सुरू झाली. कॅशियरनं एक जुना फोटो टाकला होता. मागच्या एखाद्या पार्टीतला, मी विस्तवाशेजारी उकिडवा बसलेलो, कपाळावर, नाकावर, मिशांवर सगळीकडं राख, आणि तोंड उघडं, अर्थातच. खाली लिहिलं होतं, "आमच्या गावचे बुवा. नवस बोलायचा असन तर सोबत तूप आणा. बुवा मौन पाळत नाहीत, कान झाकून या."

मी हसलो. खदखदून, पोट धरून हसलो. किती महिन्यांनी, कोण जाणे. आणि हसता हसताच वळून आतल्या खोलीकडं पाहून मोठ्यानं म्हणालो, "अवं, इकडं ये, पाह्य यानं काय लिहिलं!"

आवाज आत जाऊन थांबला. मी फोन हातात धरून तसाच उभा. ऑफिसातलं जे काही असेल ते तिला दाखवायचं, ही सवय हसण्याच्या बरोबरच परत आली होती. ऑफिसात कोणी हसत नव्हतं तोवर तिला सांगायला काही नव्हतंच. ती गेली, हे मला तेरवीला नाही कळलं, त्या संध्याकाळी कळलं. कुकर शिट्ट्या देत राहिला आणि मी ओट्याला धरून लहान पोरासारखा रडलो.

भात करपल्याचा वास आला तेव्हा गॅस बंद केला. फोन वाजतच होता. सुपरवायझरनं काहीतरी लिहिलं होतं, त्यावर त्या पोरीनं, त्यावर पुन्हा कॅशियरनं. मी तोंड धुतलं, आतल्या खोलीत गेलो, पलंगावर मी झोपतो त्या कडेला बसलो आणि एकेक मेसेज वाचत गेलो. मोठ्यानं, सावकाश, तिला नीट ऐकू जाईल असं.