जगनचं मडकं

जगन पाटलाच्या दारात चारचाकी उभी असते. आमच्या कोन गावात सगळ्यांच्याच दारात असते. जमिनी गेल्या आणि गाड्या आल्या. पण जगन ती फक्त कुणाच्या हळदीला बाहेर काढतो. कामावर जायचं तर सायकलने पनवेल स्टेशन, तिथून सातची बस आणि उतरल्यावर पंधरा मिनिटं पायी. तळोज्याच्या एका कारखान्यात तो पाण्याच्या पंपावर आहे. हा पोहोचेपर्यंत रात्रपाळीच्या माणसाला जागेवरून हलता येत नाही.

आता आपला गाववाला सायकल मारतोय हे कुणाला बघवेल? "जगन, काय रं ही दशा? बस गारीत!" नाही म्हणावं तर, "आमच्या गारीत काय काटे हायत?" बिचारा सायकल झाडाला बांधून मुकाट बसायचा. मग गाडीवाला आधी चहा पिणार, सासूला फोन लावणार आणि पळस्प्याच्या कोंडीत अर्धा तास जगाला शिव्या देणार. तोवर बस गेलेली. माझ्याही गाडीत तो दोनदा बसलाय. वर मीच पुण्य केल्याच्या तोऱ्यात होतो.

शेवटी साहेबाने बजावलं, आणखी एकदा उशीर झाला तर घरीच बसा.

"आख्ख्या दिसात त्यो सायकलवरचा पाऊन तास तेवरा माजा," जगन मला म्हणाला. "त्यो बी तुमी खाताव." त्याचे डोळे भरले होते. मला खरंच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्याने हँडलला मातीचं मडकं लटकवलं आणि कॅरियरवर कोरं पांढरं कापड बांधलं. मयताचं सामान नेणाऱ्याला गाडीत कोण घेतो? गाड्या जवळ आल्या, हळू झाल्या आणि सुसाट सुटल्या. जगन बसच्या आधी स्टेशनवर हजर.

संध्याकाळी परतला तर गल्ली गाड्यांनी तुंबलेली. आत शिरली ती एकटी सायकल. दारात शेजारची गुणाबाई ऊर बडवत होती, आणि जगनची बायको चंद्रावती येईल त्याला पाणी देत विचारत होती, "पन मेलंय कोन?"

गर्दीतून पुढे येऊन तुळशीरामकाकांनी जगनला मिठीच मारली. "कोन गेलं रं?"

"कोन नाय, काका. मना सातची बस गाठाची व्हती."

चंद्रावतीने मडकं हिसकावून अंगणात आपटलं. "एवरी मानसं जमवली, आता चाय तुमीच करा!"

मला वाटलं, आता तरी गाव सुधारेल. सकाळी मी तुळशीरामकाकांच्या गाडीत मागे बसलो होतो. सायकल दिसली तशी काकांनी गाडी हळू केली, काच खाली घेतली आणि हँडल नीट निरखलं.

"आज मडकं नाय ना? मंग बस गारीत."

जगन थांबला नाही. "मडकंच आनाला चाललोय, काका," तो पायडल मारत ओरडला, "तुमच्यासाठी!"

काकांनी काच वर घेतली. आम्ही चहाला थांबलो, आणि जगनला सातची बस मिळाली.