वरून धड पेन्सिल

पहिलीच्या वर्गात गोंगाट झाला की झेनेशबाई ओरडत नसत. पहिल्या बाकावरच्या तोल्गनायची पेन्सिल उचलायच्या आणि टेबलावर ठकाठक आपटायच्या. वर्ग चिडीचूप. पेन्सिल परत बाकावर.

आणि मग बाई त्याच पोरीचं हसं करायच्या. लिहिताना तोल्गनायचं शिसं मोडे, टोक काढावं तर गळून पडे. "बापाचा पेन्सिलींचा कारखाना आहे का गं? हात आहेत की नांगर?" वर्ग खिदळे, आणि बाईंना आपल्याच विनोदाचं कौतुक वाटे.

एक दिवस "आण इकडे, टोक कसं काढतात दाखवते," म्हणून त्यांनी स्वतः पातं हातात घेतलं. लाकूड सोललं, शिशाचा तुकडा टपकन पडला. आणखी सोललं, आणखी एक. पेन्सिल वरून धडधाकट, आत नुसते तुकडे.

पोरं बाईंना 'अपाय' म्हणायची. मागून कुणीतरी म्हणालं, "अपाय, रोज तुम्हीच तर आपटता तिची!"

"गप्प बसा!" बाई खेकसल्या, पण कानशिलं तापली होती. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि चोर आपणच! चुकलं म्हणायला मात्र तोंड उघडेना. त्यांनी पोरीला नवी पेन्सिल दिली, तीही उपकार केल्यासारखी.

त्याच आठवड्यात तोल्गनायची आई कार्लिगाश त्यांच्या दारात आली. धाकटा येरासिल पावलं टाकू लागला होता. आता रीतीप्रमाणे त्याच्या पायांत काळीपांढरी दोरी बांधायची आणि ती कुणीतरी कापायची. कापणाऱ्याचा गुण पोरात उतरतो, म्हणून त्याला सरळ माणूसच लागतं.

"तुम्हीच कापा, अपाय. थोरली आमची धांदरट. पेन्सिलींपायी तिला मारून मारून हात दुखले माझे. धाकटा तरी तुमच्यासारखा निघू दे."

मारून मारून! पण 'नाही' म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

समारंभाच्या दिवशी अंगण माणसांनी फुललं, कणकेचे गोळे, बाउरसाक, तळून झाले, बाळाला पांढऱ्या कापडावर उभं केलं. बाईंच्या हातात कात्री आली. समोर तोल्गनाय भावाचा हात धरून उभी होती.

"थांबा," बाई म्हणाल्या. "मी नको. हिच्या पेन्सिली मी मोडल्यात, आपटून आपटून. पोरीचा काही दोष नाही."

मग एक म्हातारा कौतुकाने हसला. "बघा! पोरीचं खापर स्वतःच्या डोक्यावर घेतेय. असं काळीज पाहिजे!"

"म्हणून तर तुम्हाला बोलावलं," कार्लिगाशने डोळे पुसले.

"अहो, खरंच सांगतेय मी..."

"कापा, कापा!" सगळ्यांनी एकच गिल्ला केला. बाईंनी दोरी कापली. बाळ दुडूदुडू निघालं, वर मिठाई उधळली गेली. इतकी लाज बाईंना उभ्या जन्मात वाटली नव्हती. तोल्गनायकडे बघायचीही हिंमत झाली नाही.

सोमवारी वर्गात पुन्हा कलकलाट झाला. बाईंचा हात सवयीने पहिल्या बाकाकडे गेला आणि मध्येच थांबला.

तोल्गनायने दप्तरातून पेन्सिलीचं एक जुनं थोटूक काढलं आणि अदबीने पुढे केलं.

"ही घ्या, अपाय. आपटायला वेगळी आणलीय."